तीन दिव्यांचं स्वयंपाकघर

मार्च २०१९ मधल्या एका सकाळी मी शांघायच्या एका जुन्या गल्लीतल्या घराचं मोजमाप घ्यायला गेले. पुढचं दगडी चौकटीचं दार बंदच असायचं, सगळे मागच्या दारानं ये-जा करत. मागच्या दारातून आत पाऊल टाकलं की थेट स्वयंपाकघर. तीन कुटुंबांचं सामायिक. तीन शेगड्या, तीन नळ, तीन कपाटं आणि छताला तीन उघडे दिवे, एकमेकांपासून हातभर अंतरावर लोंबकळत असलेले. भिंतीवर तीन बटणं होती आणि त्यांच्या मागे तीन वेगळे मीटर. वहीत मी पहिलीच नोंद केली: ‘तीन दिवे काढून एक चांगला दिवा.’

पुढचे सात महिने या कामात गेले. शांघायमधल्या एका छोट्या इंटिरियर स्टुडिओत मला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. चिनी भाषा मोडकी, सोबत एक स्थानिक सहकारी. तोवर मी दुकानं आणि कॅफे यांचीच ड्रॉइंग्ज केली होती. राहतं घर हे पहिलंच.

ज्यांचं घर, ते निवृत्त जोडपं. बाईंना मी ‘आयी’ म्हणायचे. चिनीत आयी म्हणजे मावशी. आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला तिकडे असंच हाक मारतात. माझ्या मराठी कानाला मात्र तो शब्द प्रत्येक वेळी ‘आई’च ऐकू यायचा आणि ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही. त्यांच्या यजमानांना ‘शूशू’, म्हणजे काका. घर म्हणजे पहिल्या मजल्यावरची पुढची खोली १६ चौरस मीटर आणि जिन्याच्या मधल्या टप्प्यावरची लहान खोली ८ चौरस मीटर. आपल्या हिशेबानं साधारण २६० चौरस फूट. मुलानं त्यांना फूतोंगमधल्या उंच इमारतीत चला म्हणून खूप विनवलं होतं. दोघांनी नकार दिला. आयींची मागणी एकच होती: घरात संडास हवा. अडुसष्टाव्या वर्षी त्या रोज पहाटे मलपात्र हातात घेऊन तो अरुंद, अंधारा जिना उतरत होत्या. ज्या शहरात ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर उभा आहे, त्याच शहरात.

या घरांना शिकूमेन म्हणतात, ‘दगडी चौकटीचं दार’ या अर्थी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थायपिंग बंडाच्या धामधुमीत आसपासच्या प्रांतांतून लोकांचे लोंढे शांघायच्या परकीय वसाहतींमध्ये आले, तेव्हा जमिनीच्या मालकांनी भिंतीला भिंत लावून ओळीनं घरं बांधली. रांग युरोपी धाटणीची, पण आतलं घर चिनी: दारातून आत गेल्यावर छोटा उघडा चौक, मग बैठक, दोन्ही बाजूंना नाही तर वर खोल्या, मागे स्वयंपाकघर. त्या चौकाला ते ‘थिएनजिंग’ म्हणतात, शब्दशः आभाळाची विहीर. माझं बालपण पुण्यात सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. चौक म्हणजे काय, त्यातून येणारा उजेड दुपारी कुठवर सरकतो, पावसात कुठल्या पायरीपर्यंत पाणी येतं, हे मला कुणी समजावण्याची गरज नव्हती. आणि वाड्यांचं पुढे जे झालं तेच यांचंही झालं. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड आलं.

जिन्याच्या टप्प्यावरच्या त्या लहान खोलीला नाव आहे थिंगझीजिएन. खाली स्वयंपाकघर, वर कपडे वाळवायची गच्ची, तोंड उत्तरेला. त्यामुळे उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. भाडं सगळ्यात कमी म्हणून १९३०च्या आसपास शहरातले गरीब लेखक अशाच खोल्यांत राहायचे, आणि त्यांना ‘थिंगझीजिएनवाले लेखक’ असं नावच पडलं होतं. आमच्या संडास-बाथरूमला जागा इथेच मिळणार होती, कारण या खोलीची जमीन काँक्रीटची होती. पुढच्या खोलीची लाकडी.

मोजमापात पहिला धक्का बसला. लेझर लेव्हल लावली तर पुढच्या खोलीची जमीन एका कोपऱ्याकडे चार सेंटिमीटर उतरलेली निघाली. एकही कोपरा काटकोनात नव्हता. माझा सहकारी शांतपणे म्हणाला, घर म्हातारं आहे, त्याला सरळ उभं करायला जाऊ नकोस, त्याच्या बाजूनं चाल. तेव्हा ते वाक्य मी नुसतं ऐकून घेतलं.

मग मी चित्रं केली. चीनमध्ये काम मिळतं ते या चित्रांवर, श्याओग्वोथू. संगणकावर काढलेलं, प्रत्यक्ष फोटोच वाटावा असं चित्र. त्या दिवसांत माझ्या डोक्यात वॉटरहाऊस हे हॉटेल घर करून होतं. हुआंगफू नदीजवळची १९३०च्या दशकातली तीन मजली इमारत, एकेकाळी जपानी सैन्याचं ठाणं असलेली. लिंडन नेरी आणि रोझाना हू या जोडीनं २०१० मध्ये तिचं हॉटेल केलं. जुनं काँक्रीट आणि सोललेल्या भिंती तशाच ठेवल्या आणि वर गंजलेल्या रंगाच्या पोलादाची नवी भर घातली. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, ते लपवलेलं नाही. तिथे उभं राहिल्यावर मला वाटलं होतं, आपल्या वाड्यांचं असं का नाही झालं? त्या भरात मी आयींच्या खोलीची एक भिंत गिलावा काढून विटा उघड्या ठेवून दाखवली. मला ते माझं सगळ्यात चांगलं काम वाटत होतं.

आयींनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “ही भिंत अशीच सोडणार? पैसे कमी पडले तर सांग, मुलाशी बोलते.” मी समजावलं की हे मुद्दाम केलंय, हल्ली असंच सुंदर मानतात. त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं आम्ही ही भिंत कधी वर्तमानपत्र चिकटवून, कधी चुना लावून झाकली. ओल येते, वीट झडते, अंथरुणावर लाल भुकटी पडते. तुला ती पाहायला आवडते, कारण तुला इथे झोपायचं नाही.”

मी ते चित्र तिथेच मिटलं. वॉटरहाऊस मला आजही तितकंच आवडतं. पण तिथे माणूस दोन रात्री राहतो. शिनथिएनदी या भागाबद्दलही मला तेच वाटतं. बेंजामिन वूड या अमेरिकन वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार शिकूमेनच्या गल्ल्या राखून, आत रेस्तराँ आणि दुकानं घालून २००१ मध्ये तो खुला झाला, आणि त्यानं जुन्या विटा वाचवल्या हे खरं. त्याआधी शहरात सरसकट पाडापाडीच चालली होती. पण तिथल्या दगडी चौकटींतून आता कुणी घरी जात नाही. माणसं आत राहत असताना घर सुधारणं हे त्याहून कितीतरी अवघड काम आहे, आणि त्याची छायाचित्रं मासिकात फारशी येत नाहीत.

आयींच्या भिंतीला आम्ही चुन्याचा गिलावा केला. ओल आत कोंडत नाही, भिंत श्वास घेते. पांढरी भिंत त्यांना हवी होती आणि घरालाही तीच मानवणारी होती.

एप्रिल आणि मे परवानग्यांमध्ये गेले. अशी बरीच घरं सरकारी मालकीची, राहणाऱ्याकडे फक्त वापराचा हक्क. बाहेरून काही बदलायचं तर घरांची देखभाल करणाऱ्या कंपनीची संमती लागते. गल्लीकडच्या खिडक्या जुन्याच नमुन्याच्या लाकडी ठेवायच्या होत्या. मग आम्ही त्यांच्या आत दुहेरी काचेची दुसरी खिडकी बसवली. शांघायमध्ये हिवाळा शून्याच्या जवळ जातो, पण उत्तर चीनसारखी सरकारी नळांतून येणारी ऊब इथे नाही. ती सोय छिन्लिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या उत्तरेलाच. त्यामुळे इथली थंडी घरात बसूनच सोसायची असते, आणि त्या दुसऱ्या खिडकीचा फरक आयींना पहिल्याच महिन्यात कळला.

खरी अडचण खालच्या शेजाऱ्यांची होती. संडासाचा पाइप थिंगझीजिएनच्या जमिनीतून खाली काढला तर तो स्वयंपाकघराच्या छताला, नेमका त्यांच्या शेगडीवर आला असता. ते एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ. म्हणाले, “माझ्या कढईवरून तुमची घाण जाणार?” त्यात चूक काहीच नव्हतं. मी सगळं ड्रॉइंग पुन्हा केलं. मागच्या भिंतीतून आडवा निचरा होणारं कमोड घेतलं आणि पाइप घराच्या बाहेरून, मागच्या गल्लीतल्या गटारापर्यंत उतरवला. निचऱ्याला उतार मिळावा म्हणून बाथरूमची जमीन बारा सेंटिमीटर उचलावी लागणार होती. आयींचे गुडघे पाहता दारात पायरी नको, म्हणून सगळी खोलीच तेवढी उचलली.

त्याच बैठकीत मी तिन्ही कुटुंबांसमोर स्वयंपाकघराचं चित्र ठेवलं. मुलगा त्याचाही खर्च द्यायला तयार होता. पांढऱ्या फरश्या, एकसारखी कपाटं आणि छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब दिवा, सगळीकडे सारखा उजेड देणारा. फरश्या सगळ्यांना आवडल्या. दिव्यावर कुणीच बोलेना. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, “बिल कोण भरणार?” मी म्हटलं, तीन भाग करू, महिन्याला अगदी थोडे पैसे येतील. त्या म्हणाल्या, “थोड्याच पैशांवरून इथे माझ्या सासूबाई आणि खालच्या आजी अकरा वर्षं बोलत नव्हत्या.” खालचे काका म्हणाले, “आणि माझा दिवा लागला की वर कळतं, मी आलोय.” आयींनी मान डोलावली. जिन्यावरून खाली पाहिलं की कुणाचा दिवा जळतोय यावरून घरात कोण आहे हे त्यांना कळत होतं, रोज, न विचारता.

मी त्या वाड्यात वाढले जिथे प्रत्येक बिऱ्हाडाची चप्पल कुठे काढलेली आहे यावरून माझी आजी हेच ओळखायची. तरीही मला ते दिसलं नव्हतं.

मग तीन दिवे ठेवले. तिन्ही सारखे, एका ओळीत, सारख्या उंचीवर, प्रत्येक आपापल्या शेगडीवर. तीन बटणं, तीन मीटर. वायरिंग सगळं नवं. त्या बैठकीनंतर बाहेरच्या पाइपलाही सगळ्यांनी सही दिली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पंचांग पाहून दिवस ठरला. कामाच्या सुरुवातीला तिकडे घराचा मालक लाल फडकं बांधलेल्या हातोड्यानं भिंतीवर एक घाव घालतो. शूशूंनी तो इतका हळू घातला की भिंतीला ओरखडाही आला नाही. आपल्याकडच्या नारळाची आठवण झाली.

काम दिलं ते ‘बानबाओ’ पद्धतीनं. म्हणजे मजुरी, सिमेंट, वाळू, तारा, पाइप कंत्राटदाराचे. फरशी, लाकूड, कमोड, दिवे घरमालकानं आणायचे. तिथे यातल्या कारागिरांना ‘शिफू’ म्हणतात, आपल्या ‘उस्ताद’सारखं. आमचे मुख्य शिफू आन्हुई प्रांतातले सुतार. गल्ली इतकी अरुंद की टेम्पो तोंडाशीच थांबायचा आणि पुढे प्रत्येक गोणी खांद्यावर. आवाज होणारं काम फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. शनिवार-रविवार आणि सणासुदीला पूर्ण बंद. राहत्या इमारतींसाठी शहराचा नियमच तसा आहे.

या नियमामुळे मला सगळे शनिवार-रविवार मोकळे मिळाले आणि मी शहर पालथं घातलं. नदीकाठचं लाँग म्युझियम मी चारदा पाहिलं. १९५० च्या दशकातला, कोळसा उतरवायचा लांबलचक काँक्रीटचा पूल तिथे तसाच उभा आहे आणि त्याच्या बाजूनं आतेलिए देशाऊस या स्थानिक संस्थेनं २०१४ मध्ये छत्रीसारख्या पसरणाऱ्या उघड्या काँक्रीटच्या भिंतींचं संग्रहालय उभारलं. भिंत वर जाता जाता वळून छत होते, आणि दोन छत्र्यांच्या फटीतून उजेड उतरतो. लुंगह्वाच्या जुन्या विमानतळाच्या इंधनाच्या टाक्यांचं कलादालन तर त्याच वर्षी उघडलं होतं. आणि बुंद या जुन्या नदीकाठच्या रस्त्यावर हिरव्या निमुळत्या छपराचं, १९२९ चं पीस हॉटेल. बांधणारे व्हिक्टर ससून. पुण्यात ससून रुग्णालयात जन्मलेल्या माणसाला त्या पाटीपुढे दोन मिनिटं थांबावंच लागतं. त्याच घराण्याची मुंबई, पुणे आणि शांघाय अशी ये-जा होती.

सोमवारी पुन्हा २६० चौरस फूट.

सुताराच्या हातातली मापाची टेप मी आधी नीट पाहिलीच नव्हती. सेंटिमीटरच्या खाली तिच्यावर लाल आणि काळ्या अक्षरांच्या दोन पट्ट्या होत्या. वरची पट्टी लू बान या पुरातन सुताराच्या नावाची. ४२.९ सेंटिमीटरचे आठ भाग, त्यांतले चार शुभ आणि लाल, चार अशुभ आणि काळे. खालची पट्टी पूर्वजांच्या जागांसाठी आणि थडग्यांसाठी. बाथरूमचं दार मी ८० सेंटिमीटर धरलं होतं. शिफूंनी टेप लावून नुसती दाखवली. ८० काळ्यात, ८१ लालमध्ये. दार ८१ झालं. मला आमच्याकडच्या जुन्या सुतारांचं आय मोजणं आठवलं. लांबी-रुंदीवरून ध्वज, धूम्र, सिंह, श्वान असे आठ आय काढायचे, त्यांतले चार घ्यायचे, चार टाळायचे. दोन देश, दोन वेगळी शास्त्रं आणि दोन्हीकडे आठच. हे कळल्यावर शिफू पहिल्यांदा माझ्याशी मोकळेपणानं बोलायला लागले. त्यांनी आठही नावं मला वहीत लिहून दिली, मी त्यांना आपली म्हणून दाखवली.

पाणी आणि वीज हे पहिलं काम. विजेच्या तारांना लाल नळी, फोन-इंटरनेटच्या तारांना निळी. भिंतीतल्या चरी काटेकोर आडव्या किंवा उभ्या, तिरकी एकही नाही, म्हणजे पुढे कुणी खिळा ठोकला तर तार कुठे असेल याचा अंदाज राहतो. पाण्याच्या नळांवर आठ किलोचा दाब देऊन अर्धा तास काटा पाहायचा. आणि भिंत बुजवण्याआधी प्रत्येक चरीचा फोटो, शेजारी टेप धरून. हे पुण्याला कामावर आम्ही करत नव्हतो. आता करते.

मग बाथरूमची पाणीचाचणी. जलरोधक लेपाचे तीन हात, शॉवरच्या भिंतीवर १८० सेंटिमीटर उंचीपर्यंत. दाराशी विटांचा बांध घालून जमिनीवर पाणी भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. पहिल्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी साडेसातला खाली स्वयंपाकघरात गेले तर खालचे काका आधीच तिथे होते, स्टुलावर चढून छताला हात लावून पाहत. एका कोपऱ्यात, पाइपाच्या तोंडाशी, नाण्याएवढी ओल होती. पाणी काढलं, तो कोपरा खरवडला, पुन्हा लेप, पुन्हा ४८ तास. दुसऱ्या वेळी छत कोरडं राहिलं. काकांनी ते दोन दिवसांत किमान दहा वेळा तपासलं असेल. कुठल्याही तपासनीसापेक्षा त्यांचा हात मला जास्त विश्वासाचा वाटला.

जूनच्या मध्यावर शांघायचा पाऊस लागतो, आलुबुखारे पिकायच्या दिवसातला. आपल्यासारखा कोसळत नाही, पण आठवडेच्या आठवडे हवा पिळून काढावी इतकी ओली. माझ्या वेळापत्रकात या काळात लाकडी जमीन आणि रंग होता. शिफूंनी स्पष्ट नकार दिला. या हवेत फळ्या बसवल्या तर फुगलेल्याच बसतील आणि हिवाळ्यात फटी पडतील. स्टुडिओतून घाई होती, मी मध्ये अडकले. शेवटी शिफूंचं ऐकलं. फळ्या खोलीतच आडव्या रचून ठेवल्या, घराच्या हवेची त्यांना सवय होईपर्यंत, आणि काम एक महिना पुढे गेलं. बसवताना भिंतीकडेनं एक सेंटिमीटर मोकळं सोडलं. जमीन सरळ केली नाही पूर्ण. चारपैकी अडीच सेंटिमीटर खालून पट्ट्या देऊन भरून काढले, उरलेला उतार पलंगाच्या खाली गेला. निघालेल्या जुन्या फळ्यांतल्या धडक्या निवडून शिफूंनी खिडकीशी घडीचं टेबल केलं. रंध्यानं वरचा काळा थर निघाला तेव्हा आत मधाच्या रंगाचं लाकूड होतं. शूशू ते पाहायला दोनदा जिना चढून आले.

त्यातच १ जुलैला शहरात कचरा वेगळा करणं सक्तीचं झालं. ओला, सुका, पुनर्वापराचा, घातक असे चार प्रकार आणि टाकायच्या वेळा ठरलेल्या. गल्लीत दिवसभर तोच विषय. माझ्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक ओट्याखाली एकच डबा होता. सुतारकाम अर्धं झालेलं. तिन्ही कपाटं उघडून दोन-दोन डब्यांची जागा केली, ओल्या कचऱ्याचा डबा मागच्या दाराकडच्या बाजूला.

ऑक्टोबरच्या शेवटी काम संपलं. मासिकाला देण्यासाठी स्टुडिओनं फोटो काढवले. पांढरी खोली, मधाच्या रंगाचं टेबल, खिडकीतून उजेड. स्वयंपाकघराचा फोटो त्यात घेतला नाही. तिथे शेजाऱ्यांच्या बरण्या होत्या.

मी जायचे अधूनमधून. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी मागच्या दारानं आत शिरले तर दोन दिवे लागले होते. आयी पहिल्या दिव्याखाली कोबी चिरत होत्या, दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मासे तळत होत्या. तिसऱ्या शेगडीवर अंधार होता. मी काही विचारलं नव्हतं, नुसती वर पाहत होते. आयी सुरी न थांबवता म्हणाल्या, “मुलीकडे गेलेत ते. शनिवारी येतील.”